बटणांच्या डब्यातला खोडरबर

मी एक जुना खोडरबर आहे. आता जेमतेम कोटाच्या बटणाएवढा उरलो आहे आणि राहायलाही बटणांच्याच डब्यात आहे.

मित्रांनो, कारखान्यात मला लांबलचक पट्टीतून कापले, तेव्हा मी चांगला बोटभर होतो. कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला आपल्या तिसरीतल्या मुलीसाठी घेतले. या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे.

भिंगरीच्या आईचे काम फार सफाईचे. शिवण जराशी वाकडी गेली तरी ती उसवून पुन्हा घाली. चुकलेला कपडा गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणे तिला खपत नसे. हाच शिरस्ता तिने मुलीच्या वहीलाही लावला. संध्याकाळी भिंगरी गणिते कशीबशी उरकायची, वही शिलाई मशीनवर ठेवायची आणि "आई, झालं गं!" म्हणत खेळायला पळायची. मग आई मला हातात घ्यायची. बावन्नातून सत्तावीस वजा करून भिंगरीने पस्तीस लिहिलेले असायचे. मी ते पस्तीस पुसायचो आणि आई त्या जागी मुलीच्याच गोल वळणात पंचवीस लिहायची. बाबा बस चालवत. घरी आले की वही चाळून म्हणत, "वा! एक चूक नाही. पोरगी हुशार आहे!" एवढे बोलले की त्यांची जबाबदारी संपे. वर्गात बाईंनी ती वही सगळ्यांना दाखवली. खोटे कशाला बोलू, माझीही छाती फुगली होती.

मग चाचणी आली. भिंगरीला वीसपैकी तीन गुण मिळाले. बाईंनी आईबाबांना बोलावून घेतले. दोघे मुलांच्या बुटक्या बाकावर अंग चोरून बसले.

"वहीत सगळं बरोबर आणि पेपरात सगळं चूक," बाई म्हणाल्या. "पुढच्या चाचणीतही असंच झालं, तर हिला पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल."

"घरी तर सगळं येतं हिला!" बाबा भिंगरीवर डोळे वटारत म्हणाले.

बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. बावन्न वजा सत्तावीस. भिंगरीने झटक्यात पस्तीस लिहिले. मग कंपासपेटीतून मला काढले आणि आईच्या हातावर ठेवले.

"घे आई, माझं झालं. आता तू खोड."

आईचा चेहरा पडला. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. आणि मला, मित्रांनो, माझ्याच सफाईची लाज वाटली.

आईने मला मुठीत धरले, पण कागदाला लावले नाही. तिने विचारले, "हे पस्तीस कसे आले गं?"

"दोनातून सात जात नाहीत ना! मग मी सातातून दोन घेतले."

इतके महिने हे कोणी तिला विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी आईने मशीन बंद ठेवले. दहा-दहा बटणांची पाच पाकिटे आणि दोन सुटी बटणे भिंगरीपुढे मांडली. "यातली सत्तावीस मला दे." भिंगरीने दोन पाकिटे दिली, दोन सुटी दिली आणि अडली.

"पाकीट फोडू?"

"फोड की!"

उरलेली बटणे तिने दोनदा मोजली. पंचवीस होती. मग बाबाही रोज तिच्याजवळ बसू लागले. त्यांच्याकडे "हे कसं आलं?" एवढेच विचारायचे काम होते, पण ते त्यांनी चुकवले नाही. पुढच्या चाचणीत भिंगरीला तेरा गुण मिळाले आणि ती चौथीत गेली.

तिच्या वहीत आता बाईंच्या लाल खुणा दिसतात. मला काम फारसे उरलेले नाही, म्हणून आईने मला बटणांच्या डब्यात ठेवले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी तुमची चूक पुसायला निघाले, तर त्यांचा हात धरा आणि आधी तुमच्याजवळ बसायला सांगा.

काल आईने सवयीने डब्यातून मला उचललेच होते. भिंगरीने वहीवर हात आडवा धरला.

"थांब आई. कुठं चुकलं ते कळलंय मला. दे इकडे, मीच खोडते."