मास्तरचा खुराक

“खायला काय घालता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ऑपरेटरला हा प्रश्न आवडला नाही. प्रश्न साधाच होता, पण कुत्र्याला वजनकाट्यावरून खाली उतरवताना बाईंनी सोडलेला सुस्कारा त्याने ऐकला होता. आंधळ्यासमोर लोक चेहरा सांभाळत नाहीत, ते एक वेळ ठीक. सुस्कारे तरी सांभाळावेत, असं त्याचं म्हणणं होतं.

“श्वान प्रशिक्षण केंद्राकडून येतात ते दाणे,” तो म्हणाला. “सकाळी सपाट वाटी, संध्याकाळी सपाट वाटी. सोबत उकडलेलं गाजर, अधूनमधून अंडं. मीठ नाही, साखर नाही, तळलेलं नाही. मी स्वतःच्या हाताने मोजतो.”

“वजन पुन्हा वाढलंय.”

“शक्यच नाही.”

“मग मी काट्याची समजूत काढू का?” बाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी समजावलं, की ह्याचं वजन असंच वाढत राहिलं तर मागचे सांधे जातील, आणि सांधे गेलेला वाटाड्या कुत्रा केंद्र कामावर ठेवत नाही. केंद्राचा प्रशिक्षक तपासणीला येईल तेव्हा तो मुळीच दयामाया दाखवणार नाही. “घरात अजून कोणी काही देतं का त्याला?”

“घरात मी आणि माझी ताई. आणि माझ्या घरात माझ्या नकळत काही होत नाही,” ऑपरेटर म्हणाला आणि कुत्र्याच्या पाठीवरच्या हार्नेसची मूठ धरून उठला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

ऑपरेटर म्हणजे एका मोठ्या ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावरचा माणूस. सगळ्या ऑफिसचे आवाज त्याच्या कानांतून जायचे, त्यामुळे साहेबाचं कोणाशी वाजलं आणि कोणाची बदली होणार हे त्याला आधी कळे. नाकावर माशी बसू देत नसे. रस्ता ओलांडताना कोणी न विचारता दंड धरला, तर “मी काय पार्सल आहे का?” असं फाडकन विचारायचा. ह्या माणसाला केंद्राने कुत्रा दिला तेव्हा ताईच्या जिवाला घोर लागला होता, की ह्या दोघांत वरचढ कोण ठरणार. कुत्रा ठरला. तो पुढे चालायचा, वळणावर थांबवायचा, खड्डा आला की आडवा उभा राहायचा, आणि ऑपरेटर निमूट ऐकायचा. ताईने त्याचं नाव मास्तर ठेवलं ते त्यामुळेच. केंद्राने दिलेलं नाव कागदावर राहिलं.

मास्तर आल्यापासून ऑपरेटर एकटा बाजारात जायला लागला. एकटा केस कापायला जायला लागला. एकदा तर काही काम नसताना उगाच फिरून आला, आणि घरी येऊन नुसता हसत बसला. त्याआधी त्याचं कुठलंही जाणं कोणाच्या तरी सवडीवर असायचं. त्यामुळे ‘कामावर ठेवत नाही’ हे शब्द ऐकल्यावर त्या दिवशी त्याने घरापर्यंत हार्नेसची मूठ घट्ट धरून ठेवली.

घरी येऊन त्याने एक निर्णय घेतला, आणि चुकला. वाटी सपाटऐवजी पाऊण भरायची. अंडं बंद.

“अरे, मुकं जनावर आहे,” ताई म्हणाली. “चार पायांवर तुझं ओझं वाहतं. त्याचं पोट मारतोस?”

“वजन कमी व्हायला हवं. नाहीतर नेतील त्याला.”

“नेतायत! न्यायला मी बरी देईन.”

पाऊण वाटीची पुढे अर्धी झाली. मास्तर तक्रार करत नव्हता. अर्धी वाटी चाटूनपुसून खायचा आणि कामावर निघायचा. पण त्याची पाठ खरारा करताना ऑपरेटरच्या बोटांना वेगळं लागू लागलं. केस राठ झाले होते, मूठ मूठ गळत होते. पोट गुबगुबीत, आणि मांड्या मात्र पोकळ. हे कोडं त्याला सुटेना. एका सकाळी जिना उतरताना मास्तरचे मागचे पाय घसरले आणि दोघेही खालच्या पायऱ्यांवर येऊन बसले. ऑपरेटरचा गुडघा सोलवटला. मास्तर लगेच उठून त्याचा चेहरा चाटायला लागला, आणि तेव्हा ऑपरेटरला वास आला. गोड, लोण्याचा, व्हॅनिलाचा. त्याने मास्तरच्या ओठाच्या कडेवरून बोट फिरवलं, तर बोटाला काल ऑफिसात कापलेल्या केकचं वाळलेलं क्रीम लागलं.

तो तिथेच पायरीवर बसून राहिला. गुडघ्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

हार्नेसच्या मुठीतून मास्तरचं सगळं कळतं. खांदा आखडला की पुढे अडथळा, मान वळली की कोणीतरी ओळखीचं. ऑफिसात शिरताना मास्तर गेटशी क्षणभर रेंगाळतो, कॅश काउंटरच्या कोपऱ्यावर रेंगाळतो, लिफ्टपाशी रेंगाळतो, हे ऑपरेटरला कितीतरी दिवसांपासून माहीत होतं. गर्दीला वाट देतो, असं तो समजायचा. सभ्य कुत्रा आहे, असं कौतुकाने सांगायचाही. त्या सकाळी गेटवर मास्तरचा खांदा थबकला, तसा ऑपरेटर झटकन वाकला आणि त्याने अंदाजाने हात घातला. हातात एक मनगट आलं. मनगटापुढे बिस्कीट.

“हा हात कोणाचा?”

मनगट सुटायला धडपडू लागलं.

“हात बोलत नाही म्हणून विचारतोय.”

“मी, साहेब. वॉचमन.” आवाज चोरट्यासारखा आला. “एकच देतो हो. रोज एकच.”

“मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो.”

“म्हणून तर नाही विचारलं,” वॉचमन प्रामाणिकपणे म्हणाला.

मग एकेक करून बाकीचे हातही सापडले. लिफ्टवाले काका एकच ब्रेडचा तुकडा देत होते. कॅशियरबाई कोणाचा वाढदिवस असला की केकचा एकच घास, आणि ऑफिस मोठं असल्यामुळे कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असायचाच. कँटीनमधला पोऱ्याही नाही आणि म्हाताराही नाही असा वाढपी दुपारी बोर्डाच्या खोलीत कप ठेवायला यायचा, तोही खाली वाकून एकच वडी सोडून जायचा. सगळे एकच द्यायचे. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथे थेंबे थेंबे कुत्रा साचला होता. मांजर बिचारं डोळे मिटून दूध पितं. ही मंडळी डोळे उघडे ठेवून चोरी करत होती, कारण मिटलेले डोळे ऑपरेटरचे होते.

दुपारी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. “तुम्ही नेमकं त्याला हवं ते कमी केलंत,” त्या म्हणाल्या. “दाण्यात त्याच्या स्नायूंचं, हाडांचं, कातडीचं अन्न होतं. अंड्यात होतं. ते अर्ध्यावर आणलंत आणि भूक भरली मैद्यासाखरेने. म्हणून चरबी वाढली आणि मांड्या उतरल्या. वाटी पुन्हा सपाट करा, अंडं चालू करा. बाहेरचं बंद करा. बघू.”

त्या ‘बघू’मध्ये काय आहे, ते रोज शेकडो आवाज ऐकणाऱ्या माणसाला निराळं सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने ताईला सगळ्यांची नावं सांगितली. शिव्या घालत सांगितली. ताई काहीच बोलली नाही. एरवी तिने वॉचमनच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

“ताई,” तो सावकाश म्हणाला. “तूसुद्धा?”

स्वयंपाकघरात नळ थांबला.

“लोणी लावलेला टोस्ट,” ताई म्हणाली. “सकाळी, तू आंघोळीला गेलास की. तू वाटी कमी केलीस तेव्हापासून दोन.”

“मी डॉक्टरांना सांगून आलो, की माझ्या घरात माझ्या नकळत काही होत नाही!”

“ओरडू नकोस. मी काय करू? तो येऊन बसतो समोर आणि बघत राहतो. तुला दिसत नाही रे तो कसा बघतो ते. मला घास उतरत नाही.” ताईचा आवाज फुटला. “तुला दिसलं असतं ना, तर तूही दिला असतास.”

ऑपरेटरने मास्तरच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “दिलाच असता. मला दिसत नाही, म्हणूनच त्याचं खाणं माझ्याकडे ठेव.”

ताई रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने टोस्ट खाणंच सोडलं. आपण खाताना तो बघणार आणि आपला हात वळवळणार, त्यापेक्षा नकोच ते, असा तिचा हिशेब. ऑफिसातही सगळे शहाण्यासारखे वागले. कॅशियरबाईंनी तर केक कापायची जागाच बदलली. वाटी सपाट झाली, अंडं आलं, गाजर होतंच. मास्तरच्या अंगावरचे केस पुन्हा मऊ झाले. पोट आत गेलं. ऑपरेटर रोज रात्रीच्या जेवणाआधी त्याच्या बरगड्यांवर बोटं टेकवायचा, आणि एक दिवस त्या सहज हाताला लागल्या, तेव्हा त्याने ताईला ओढत आणून तिचा हातही तिथे ठेवला.

पण मांड्या भरल्या नाहीत. जिन्यावर मास्तर आता प्रत्येक पायरीला विचार करायचा.

प्रशिक्षक आला तो कमी बोलणारा माणूस होता. त्याने मास्तरला रस्त्यावर चालवलं, जिना चढवला, उतरवला. मग घरात येऊन बसला. हार्नेसची बक्कल सुटल्याचा आवाज झाला. ती पुन्हा लागल्याचा झाला नाही.

“वजन छान आणलंत,” तो म्हणाला. “पण कमरेचे सांधे गेलेत. रस्त्यात त्याचा पाय दुमडला तर दोघंही जाल. त्याला आता कामावर नाही ठेवता येणार.”

ताईने पदर तोंडाला लावला असावा, कारण तिचा हुंदका अर्धाच ऐकू आला.

“तुम्हाला दुसरा कुत्रा देता येईल,” प्रशिक्षक पुढे म्हणाला. “पण घर लहान आहे, दोन कुत्र्यांना मी मंजुरी देणार नाही. ह्याला आम्ही एखाद्या चांगल्या कुटुंबात देतो. मुलंबाळं असतात, अंगण असतं. लाड होतात. तुम्ही विचार करून सांगा.”

ऑपरेटरला नवा कुत्रा हवा होता. खोटं कशाला बोला, फार हवा होता. एकट्याने बाजारात जाण्याची चव एकदा लागली, की सुटत नाही. त्याने हात खाली सोडला. मास्तरचं डोकं आपणहून त्याच्या तळव्याखाली आलं.

“त्या घरात सगळ्यांना दिसत असेल ना?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“डोळ्यांनी. दिसत असेल सगळ्यांना.”

“हो, अर्थात.”

“मग नको,” ऑपरेटर म्हणाला. “चार महिन्यांत मारतील त्याला. राहू दे इथेच.”

प्रशिक्षक हार्नेस घेऊन गेला. ती केंद्राची मालमत्ता होती.

सोमवारी ऑपरेटर पांढरी काठी घेऊन निघाला. मास्तर सवयीने दारापर्यंत आला आणि डाव्या बाजूला उभा राहिला. ताईने त्याला गळ्याच्या पट्ट्याला धरून आत नेलं. रस्ता तोच होता, पण फार लांब झाला होता. एका चौकात तर कोणीतरी दंड धरला आणि ऑपरेटर काही बोलला नाही.

ऑफिसच्या गेटशी काठी टेकली. पूर्वी इथे सगळं शांत असायचं. लोक यायचे, वाकायचे, मास्तरला काहीतरी द्यायचे आणि ऑपरेटरशी न बोलता निघून जायचे.

“नमस्कार साहेब. मी, गेटवरचा,” वॉचमन म्हणाला. “समोर दोन पायऱ्या आहेत.”

“माहीत आहेत,” ऑपरेटर म्हणाला. मग जरा थांबून, “नमस्कार.”

काउंटरशी कॅशियरबाईंनी आपणहून ओळख दिली. लिफ्टपाशी काकांनी दिली. लिफ्ट बंद होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग काकांनीच धीर केला.

“कसा आहे हो तो?”

“उत्तम आहे,” ऑपरेटर म्हणाला. “वजन आता अगदी हवं तेवढं आहे.”

त्याचा डावा हात कमरेपाशी अर्धवट मिटलेला होता, हार्नेसच्या मुठीएवढी जागा ठेवून. लिफ्ट वर जाईपर्यंत काका त्या हाताकडे बघत राहिले.