भिंतीवरचा हत्ती

मी एक भिंत बोलतेय. पलंगाच्या बाजूची, नळाच्या पाइपामुळे कायम ओलसर. माझ्या पोटावर ओलीचा मोठा डाग होता. घरमालक त्याला पाहून नाक मुरडायचा, पण या घरातल्या आईने त्याचा हत्ती केला.

तेव्हा ती घरीच शिवणकाम करायची. थोरली पोरगी दोन-अडीच वर्षांची, जेवताना तोंड घट्ट मिटून बसायची. मग आई हातात घास धरून माझ्याकडे बोट दाखवायची.

"हा कोण गं?"

"हत्ती."

"कुठे निघालाय?"

"मामाकडे."

"असा अनवाणी?"

पोरगी खुदकन हसायची आणि घास आत जायचा. हत्ती रोज नव्या गावाला जायचा. कधी त्याला ताप यायचा, कधी चप्पल हरवायची. शाळेत जायच्या आधीच तिच्या तोंडाचा पट्टा असा सुरू झाला की बाबा कानांवर उशी घ्यायचे. मला मात्र भरून पावल्यासारखं वाटायचं.

मग धाकटा झाला. शिवणकाम आटलं, आई कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. थोरली दिवसभर शाळेत, बाबा रात्रपाळीचे, दिवसा झोपणार. त्यांनी मला रंग दिला, भोकं पाडली आणि टीव्ही टांगला. हत्ती त्याच्यामागे गेला. पोर टीव्हीसमोर बसायचं, हूं नाही की चूं नाही. शेजारणी म्हणायच्या, "किती गुणी बाळ!" मला मेलीला तेव्हाच धास्ती वाटली होती.

तो चार वर्षांचा झाला तेव्हा बालवाडीच्या बाई घरी आल्या.

"अजून दोन शब्द जोडत नाही हो. घरी याच्याशी बोलतं कोण?"

"टीव्ही चालू असतो ना दिवसभर," बाबा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

परवा टीव्ही बिघडला, दुरुस्तीला गेला. मागे रंगातून ओल पुन्हा फुटली होती. तोच डाग, सोंडेसकट. धाकटा माझ्यापुढे उभा राहून कितीतरी वेळ बघत होता. मग सोंडेवर बोट ठेवून तो आईकडे वळला.

"ऊं?"

माझा सगळा जीव त्या डागात गोळा झाला. विचार गं बाई, हा कोण म्हणून विचार!

आई दिवसभर उभी राहून नुकतीच घरी आली होती. तिने पाहिलं.

"अहो, भिंतीला परत ओल आली बघा. टीव्ही यायच्या आत रंग मारून घ्या."

ते बोट जरा वेळ तसंच होतं. मग खाली आलं.

उद्या रंग येणार आहे. मी काय करणार, मला तोंड नाही. तुमच्या घरी कुणी असं बोट उचललं, तर हातातलं काम टाका आणि आधी विचारा, "हा कोण रे?"