खोट्या खिडक्या

ओकलीसाहेबांनी शिडीवर चढून खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं. बोटाला रंगाची भुकटी लागली. जुन्या घरांत काही फेरफार करायचा तर त्यांची मंजुरी लागे, म्हणून टॅम्झिननंच त्यांना बोलावलं होतं. कडेवरचं बाळ सावरत तिनं खालून विचारलं,

"फोडता येईल ना? आत बाळाची खोली आहे. भर दुपारी दिवा लावावा लागतो हो!"

खिडकी खोटी होती; इंग्लंडात एके काळी खिडक्यांवर कर असे, तो चुकवायला अशा खिडक्या नुसत्या रंगवत. काच, चौकट, अर्धवट ओढलेला पडदा, सगळं विटांवर रंगवलेलं. घर बांधणाऱ्याला दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी हवी होती, म्हणून दुसऱ्या टोकालाही तिची जुळी बहीण होती, तीही तशीच खोटी. श्रॉपशरच्या या खानदानाला पिढ्यान्‌पिढ्या अंधारात चाचपडणं परवडलं, पण बग्गीतून उतरणाऱ्या पाहुण्याला घर तिरपं दिसलेलं परवडलं नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

टॅम्झिनच्या सासूबाई, मिलिसेंट, हिरवळीवर काठी टेकून उभ्या होत्या. नवरा बार्नबी गेल्यावर घर लेकाच्या नावावर झालं, पण दर्शनी बाजूबद्दल शब्द अजून त्यांचाच चाले. तिथे त्यांनी बार्नबीलाही कधी खिळा ठोकू दिला नव्हता.

"एकच फोडायला मंजुरी मिळायची नाही," ओकली उतरता उतरता म्हणाले. "घराचा तोल जाईल."

"ऐकलंस?" मिलिसेंट सुनेला म्हणाल्या. "मी काय वेगळं सांगत होते? एका डोळ्यानं बघणारं घर मला चालायचं नाही."

टॅम्झिनचा चेहरा पडला. बाळ ओकलींच्या टोपीकडे हात नेत होतं.

"दोन्ही फोडा," मिलिसेंट म्हणाल्या.

टॅम्झिननं वळून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. दुसऱ्या खिडकीमागे सासूबाईंची निजायची खोली होती. नव्या नवरीपणी त्या अंधाराला कंटाळल्या म्हणून बार्नबीनं तिथल्या भिंतीवर आतून अख्खी बाग रंगवली होती. तळं, लिंडनची झाडं, पलीकडची टेकडी. त्या भिंतीवरची धूळसुद्धा मिलिसेंट स्वतः झटकत.

"पण बार्नबींचं चित्र..."

"जाईल भिंतीबरोबर. कळतं मला." त्यांनी काठीनं ओकलींना दुसरं टोक दाखवलं. "शिडी तिकडे घ्या. 'इथे खिडकी असती तर बाहेरचं अस्संच दिसलं असतं,' म्हणून जन्मभर ऐकवायचा मला. बघू या तरी, बरोबर काढलं होतं का ते."