उकरलेल्या मातीची फुलं

स्वतःच्याच दारासमोरचा चर ढासळून नळजोडणीवाला त्यात गाडला गेला, तेव्हा गल्लीने भरपूर हळहळ केली. हळहळीला पदरचं काही जात नाही. त्याला बाहेर काढलं, शेवटचं पोचवलं, चर बुजवला. मग घरोघरी नळाला पाणी आलं आणि हळहळ आटली.

पुढच्या मोसमात बुजवलेल्या पट्ट्यावर निळी फुलं आली. बाकी रस्त्यावर एक नाही. नेमकी त्याच्याच दारासमोर. त्याच्या बायकोने ती पाहिली आणि कितीतरी दिवसांनी नीट वेणी घातली.

"आलेत," ती नणंदेला म्हणाली.

नणंद रोपवाटिकेत कामाला. ते तण तिने बघताक्षणी ओळखलं होतं. पण वहिनी भरल्या ताटावर बसली होती, पोटभर जेवत होती. गप्प बसण्यात कुणाचा तोटा, असा नणंदेने हिशेब केला.

वहिनीने पट्ट्याला कुंपण घातलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. कुणाचा पाय पडला की दारातूनच ओरडायची, "अंगावर पाय देताय त्यांच्या!"

समोरचा शिंपी बायकोला म्हणाला, "बघ, मेलेल्या नवऱ्याची केवढी बडदास्त!"

"तुम्ही आधी जाऊन तर दाखवा," बायको म्हणाली, "मग बघू पाण्याचं."

दुसऱ्या वर्षी फुलं विरळ झाली. मध्ये गवत शिरलं होतं. वहिनी ते मुळासकट उपटेना, माती हलली तर त्यांना लागेल म्हणून. कात्रीने वरवर कापायची. कापलेलं गवत आणखी दाट फुटायचं. तिसऱ्या वर्षी सगळीकडे गवतच, आणि त्यात कसंबसं एक फूल. वहिनीचं जेवणही तेवढ्यावर आलं.

आता मात्र नणंदेला राहवेना. "वहिनी, हे फूल जपून जगत नाही. बी आत पडून असतं. माती उलथली, उजेड लागला, की रुजतं. गवताने जमीन धरली की संपलं. कुदळ मारू या. परत येतील."

"त्यांच्या अंगावर कुदळ मारू?"

"दादा तिथे नाहीये, वहिनी. आपणच नाही का त्याला स्मशानात नेलं?"

वहिनी बराच वेळ कात्री पुसत राहिली. "मग ही फुलं कुणाची होती?"

इथे एखादी शहाणी बाई खोटं बोलली असती. नणंदेला रोपांची सवय. रोपांशी खोटं बोलावं लागत नाही.

"उकरलेल्या मातीची," ती म्हणाली. "कुणीही उकरली तरी येतात."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकटीच बाजारापलीकडे गेली. तिथे गेल्या वर्षी गटारासाठी खोदलं होतं. कडेच्या ढिगाऱ्यांवर निळी फुलं नुसती उतू चालली होती. त्या चरात कुणीच मेलं नव्हतं. मुकादम सावलीत बसून विडी ओढत होता. त्याला वाटलं, बाईला फुलं हवीत.

"न्या की, बाई. फुकटचं तण आहे. हवी तेवढी न्या."

तिने एकही घेतलं नाही.

घरी नणंद कुदळ घेऊन उभी होती. वहिनीने ती तिच्या हातून काढून आत कोपऱ्यात ठेवली. मग बादली भरून आणली आणि कुंपणाच्या आत पाणी घातलं. शेवटचं फूल तोवर गळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिने पाणी घातलं, गवताला.