मोरोचा कुणाचं ऐकते

दोरीचं पितळी कडं घोडीच्या हनुवटीखाली नुसतंच लोंबत होतं, आणि विल्मारचा अंगठा दोरीवर नव्हताच... कुंपणाकडे बघण्याच्या नादात हात कधी सैल पडला त्यालाच कळलं नव्हतं – आणि तरीही घोडी, मोरोचा, थांबली होती. बरोब्बर निळ्या पिंपापाशी.

वर ओतिलिया बसली होती. तिशीची, जन्मापासून हातपाय तिच्या कह्यात नाहीत, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. दर शनिवारी ताकुआरेंबोच्या या मैदानावर तिच्यासारख्यांना घोड्यावर बसवतात, आणि गेलं वर्षभर तिची घोडी धरून चालायचं काम विल्मारने आपणहून घेतलेलं. पिंप आलं की घोडीला थांबायची खूण म्हणून ती लांब श्वास सोडायची आणि विल्मार अंगठ्याने दोरी हळूच जराशी दाबायचा. घोडी थांबायची, लोक ओतिलियासाठी टाळ्या वाजवायचे.

लीद टाकायला थांबली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. चाळीस वर्षं गुरांचे कळप हाकले मी, घोडी का थांबते हे मला कोण शिकवणार... पण मोरोचाने शेपूट उचललं नाही. तिचा एक कान मागे, ओतिलियाकडे वळलेला होता.

कुंपणापाशी ओतिलियाची आई एल्बिया पाठ करून उभी होती. गेल्या शनिवारपर्यंत सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच असायच्या. मार्चमधल्या घोडेस्वारांच्या मिरवणुकीत पोरीला जाऊ द्यायचं, कुणी दोरी न धरता, असं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. आणि मग ‘माते’ नावाच्या कडवट चहाचे घुटके घेता घेता विल्मार तिला बोलून गेला –

"तुला म्हणून सांगतो, एल्बिया. घोडी माझ्या अंगठ्यावर थांबते. पोरीचं त्यात काही नाही."

"खरं सांगतोस?"

"मग काय? उगाच आशा लावून बसू नकोस."

तिने भांडं खाली ठेवलं. "मग मिरवणूक राहू दे," एवढंच म्हणाली.

खरं बोललो, असं तो आठवडाभर स्वतःला बजावत होता. कसलं खरं... टाळ्या तिला मिळत होत्या आणि त्याच्या पोटात दुखत होतं, एवढंच होतं ते.

दुसऱ्या फेरीला त्याने दोरी मुद्दाम ढिली सोडली. ओतिलियाने श्वास सोडला, मोरोचा थांबली. तिसऱ्या फेरीला त्याने जे केलं त्याची त्याला करतानाच लाज वाटत होती, तरी केलं – घोडी थांबताच तो दोरी पुढे ओढू लागला. तिची मान ताणली गेली, पण पाय जागचे हलले नाहीत.

"नका... ओढू," ओतिलिया वरून म्हणाली.

"मी कुठे ओढतोय?"

"अंगठापण... दिसतो. मला. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती हसली, तिच्या त्या तिरक्या, वेळ घेणाऱ्या हसण्याने. "तुम्हाला... बरं वाटायचं."

विल्मारची कानशिलं तापली. वर्षभर हा समजत होता की आपण तिचं मन राखतोय, आणि ती तिथे वर बसून...

"का थांबलात?" एल्बियाने वळून विचारलं.

ओतिलियाने तोंड उघडलं. तिचं वाक्य नेहमी तोच पुरं करायचा, तिला त्रास नको म्हणून – निदान तो तसं समजायचा. आताही त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं: चूक माझी, एल्बिया, पोर पहिल्यापासून स्वतःच थांबवत होती... आणि त्या कबुलीतही आपण किती मोठ्या मनाचे दिसू, हे त्याच्या मनात येऊन गेलंच. तो गप्प बसला. ओतिलियाचा पहिला शब्द अजून ओठांशी झगडत होता. ती आपल्याला उघडं पाडेल की सांभाळून घेईल, त्याला ठाऊक नव्हतं. खाली मान घालून तो वाट बघत राहिला, आणि ती सांभाळून घेईल याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.