महाराजांच्या बरणीतला तपकिरी धूर

शिवाजी पेठेतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर काचेची बरणी, बरणीत पाण्यासारखा द्रव आणि मागे धूम्रनाथ महाराज. रुग्णाच्या छातीवरून उतरवलेले तांब्याचे वळे त्यांनी द्रवात टाकले की बरणी तपकिरी धुराने भरे. रुग्णाने वाकून तो धूर हुंगायचा.

"रोग भाईर पडला बघा," महाराज गरजत. "एक्सरेला घावत न्हाय, ते आमच्या बरणीला घावतंय."

काही खेपांनंतर तांब्याऐवजी सोन्याचा मणी टाकत. धूर निघत नसे. म्हणजे रोग संपला, औषधे बंद.

याच निकालावर वर्षाराणीने आपल्या मुलीचा, अक्षताचा, दम्याचा पंप बंद केला होता. आज अक्षताच्या श्वासाला शिट्टी वाजत होती आणि आई तिला पुन्हा बरणीपाशीच घेऊन आली होती. मागोमाग वर्षाराणीची धाकटी बहीण तेजस्वी पोचली. ती राजारामपुरीत रसायनशास्त्राचे क्लास घेते. तिने आधी भाचीला खिडकीशी बसवले.

"आक्का, पंप दे तिला."

"पंप घेतला की रोग माघारी येतोय. मण्याला धूर आला नव्हता, म्या डोळ्यानं बघितलंय."

तेजस्वीने आपल्या गळ्यातला सोन्याचा मणी काढला, अक्षताच्या छातीला लावला आणि महाराज उठण्याआधी बरणीत टाकला. बरणी स्वच्छच राहिली.

"धूर न्हाय. मग ही बरी हाय व्हय, आक्का?"

वर्षाराणी मुलीच्या धापेकडे बघत राहिली.

"आता महाराजांच्या हातातलं तांब्याचं कडं टाकूया."

महाराजांनी हात मागे घेतला. रांग लावणारे अण्णासो त्यांचेच भक्त, ते भाबडेपणाने म्हणाले, "द्या की महाराज. तुमास्नी कसला रोग असणार?"

एवढ्या लोकांसमोर महाराजांना कडे उतरवून द्यावेच लागले. तेजस्वीने ते द्रवात टाकले आणि बरणी तपकिरी झाली.

"महाराजांस्नी बी दमा हाय म्हणायचा," मागून कोणीतरी म्हणाले.

वर्षाराणी हसली नाही. तिने पिशवीतून पंप काढला, हलवला आणि मुलीच्या तोंडाला लावला.

बरणीत नायट्रिक आम्ल होते. सोनार त्याला तेजाब म्हणतात. ते तांब्याला खाते, सोन्याला नाही. तांब्याशी क्रिया झाली की नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू दिसू लागतो. त्याचे रेणू प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषतात. उरलेला डोळ्यांपर्यंत पोचतो, म्हणून तो तपकिरी. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, म्हणून ते रंगहीन. रंगाचा अर्थ एवढाच. रोग गेला की राहिला, हे त्यातून कळत नाही. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून निघून जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइडही रंगहीनच असतो.

आणि तो तपकिरी वायू निरोगी फुप्फुसेही पोळतो. तो दमेकरी मुलीला नाकाने ओढायला लावणाऱ्याला 'भोंदू' म्हणून हसून सोडू नका. तो गुन्हेगार आहे. त्याची जागा पोलीस ठाण्यात.

श्रद्धा दुखावेल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी त्या मुलीची शिट्टी ऐकायला हवी होती. पुढचा चमत्कार समोर आला, तर हात जोडण्याआधी एवढेच म्हणा: धातू बदलून दाखव. आणि तो काहीही दाखवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका.