जखमेचा दाखला आणा

मी हवेची गादी बोलतेय. दवाखान्यात मला एअर बेड म्हणतात. अंगभर बुडबुड्यांच्या रांगा आणि पायथ्याशी एक छोटा पंप. तो एका रांगेत हवा भरतो, दुसरीतली सोडतो. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार एकाच जागी पडत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत, एवढ्यासाठीच माझा जन्म. हे मला चिकटवणाऱ्या यंत्रालाही ठाऊक असावं. सरकारच्या कल्याण खात्याला मात्र अजून कळलेलं नाही.

कारखान्यातून मी थेट याच खात्याच्या कोठीत आले. आम्ही चाळीस बहिणी एकीवर एक पडून होतो. भांडारपाल आमच्याच ढिगावर डबा उघडून जेवायचा. नियम त्याला तोंडपाठ होता: गादी हवी, तर जखमेचा दाखला आणा. म्हणजे आधी घर जळाल्याचा पुरावा द्या, मग बादलीभर पाणी देतो! वा रे शहाण्यांनो!

एक दिवस बेकरीत काम करणारी एक बाई खिडकीशी आली. तिच्या आईला अर्धांगवायू झाला होता. जन्मभर शिवणकाम केलेल्या त्या म्हातारीला आता कूसही बदलता येत नव्हती.

"पाठ लाल झालीय हो," लेक म्हणाली. "फुटायच्या आत द्या ना."

"लाल चालत नाही," भांडारपाल घास गिळत म्हणाला. "फुटली की या."

बरं, दाखला तरी सुखासुखी मिळावा! घरी येणारी नर्स आरोग्य खात्याची. ती पाठ बघायची, पण तिच्या सहीला किंमत नाही. सही चालते ती कल्याण खात्याच्या तपासनीस बाईंची, आणि त्यांना घरी जायला गाडी नाही. एकीकडे डोळे, दुसरीकडे शिक्का. दोघींची कार्यालयं एकाच जिन्यावर आहेत. पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत, कारण तसं परिपत्रक निघालेलं नाही. वर बैठका मात्र जोरात चालतात. दारावर 'एकात्मिक दीर्घकालीन सेवा' अशी पाटीही लागली. एक झालं ते तेवढंच!

शेवटी पाठ फुटली. म्हातारीला चादरीच्या झोळीत घालून तीन मजले उतरवलं, कार्यालयात नेलं आणि बाकावर पालथी घालून पाठ दाखवली. तपासनीस बाईंनी नाकाला रुमाल लावून सही केली. मग मी तिच्या घरी गेले. वरातीमागून घोडं! तिच्या पाठीखाली मला पहिल्यांदा अंथरलं तेव्हा लिंबाएवढी जखम माझ्यावर टेकली. मला लाज वाटली.

म्हातारी मात्र खमकी. नर्सला म्हणाली, "जन्मभर लोकांचं उसवलेलं शिवलं गं. आता मीच उसवले."

चार महिने आम्ही खपलो. मी, नर्स आणि लेक. जखम भरली. नर्सने आनंदाने वहीत तसं लिहिलं. मीही खूश झाले, मूर्खच मी! इतके दिवस जिन्याच्या दोन पायऱ्या न ओलांडणारा कागद या वेळी एका दिवसात कल्याण खात्यात पोचला.

आज सकाळी लेक कामावर गेल्यावर तपासनीस बाई आल्या. या वेळी गाडी होती, ड्रायव्हर होता, भांडारपालही होता.

"आजी, जखम बरी झाली. आता गादी नियमात बसत नाही."

"अहो, हिच्यामुळेच बरी झाली ना!"

"पुन्हा झाली तर पुन्हा अर्ज करा."

ड्रायव्हर आणि भांडारपालाने चादरीची टोकं धरून म्हातारीला उचललं, मला खालून ओढलं, हवा काढली आणि तिला उघड्या फळीवर ठेवलं.

"निदान कुशीवर तरी वळवा बाई," ती म्हणाली. आता आवाजात थट्टा नव्हती.

"ते नर्सचं काम. ती येईल गुरुवारी."

मी गाडीत गुंडाळलेली पडले आहे. धोरणं लिहिणाऱ्या थोर मंडळींनो, तुमची पाटी तुम्हाला लखलाभ! जी पाठ बघते तिच्याच हातात लेखणी द्या. मला जखमेच्या आधी पाठवा, आणि जखम भरली म्हणून हिसकावू नका. एवढं लिहायला कितीशी शाई लागते?

पण जरा घाई करा. म्हातारी फळीवर उताणी आहे, लेक संध्याकाळपर्यंत यायची नाही, नर्स गुरुवारी येईल, आणि आज सोमवार आहे.